आहेराची वही

लग्नाला अकरा दिवस राहिलेत आणि माझ्या टेबलावर अजून सात क्लायंटची इन्कम टॅक्सची रिटर्न्स पडून आहेत. यात माझी चूक एवढीच, की मी सरकारी तारखेवर विश्वास ठेवला.

मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. माहेर वाईचं, होणारं सासर कऱ्हाडचं. मुहूर्त काढायला गुरुजी बसले तेव्हा मी एकच अट घातली होती: जे काय ते ऑक्टोबर संपल्यावर. ज्यांचं टॅक्स ऑडिट असतं त्यांची रिटर्न्स भरायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. चातुर्मासात तसेही मुहूर्त नसतात आणि यंदा तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला, त्यामुळे माझी अट शास्त्रात आपोआपच बसली. ३० नोव्हेंबर २०२५, रविवार, कार्यालय रिकामं. मी सरांना सांगून टाकलं, ऑक्टोबरअखेर सगळं फाइल करते आणि महिनाभर निवांत लग्नाच्या तयारीला लागते.

मग तारखा वाढायला लागल्या. ज्यांना ऑडिट नाही त्यांची ३१ जुलै आधी १५ सप्टेंबर झाली, मग अगदी शेवटच्या रात्री आणखी एक दिवस मिळाला. ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबर सरकून ३१ ऑक्टोबरवर गेली. आणि २९ ऑक्टोबरला कळलं की रिपोर्ट १० नोव्हेंबर आणि रिटर्न १० डिसेंबर. ऑफिसात टाळ्या वाजल्या, कुणीतरी वडापाव मागवले. मी तेवढी कॅलेंडरकडे बघत बसले. तारीख वाढली की क्लायंट कागद द्यायचा थांबतो, हे या धंद्यात नवीन आलेल्या पोरालाही माहीत असतं. आमचा एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापारी आहे, त्याला मी परवा बँक स्टेटमेंटसाठी फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, आता दहा डिसेंबर हाय की. तुमचं लग्न उरकून घ्या निवांत."

तर हे माझे साखरपुड्यानंतरचे सात महिने. लोक विचारतात, "काय मग, हवेत असशील!" मी बहुतेक वेळ स्वारगेटच्या स्टँडवर असते. दर शुक्रवारी रात्री वाईची गाडी, रविवारी संध्याकाळी परत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर 'प्रवास' हा वेगळा खर्च धरावा लागला असता. जाताना खंबाटकीचा घाट तुंबलेला असला की तिथंच बसून मी पाहुण्यांची यादी दुरुस्त करते. येताना बोगदा असतो, रेंज जाते आणि त्या दोन मिनिटांत कुणी काही विचारत नाही.

ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला मी 'अरे' म्हणते. आजीला ते चालत नाही. म्हणून बहिणीने माझ्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर 'अहो' या नावानं सेव्ह करून ठेवलाय. फोन वाजला की आजी स्क्रीन बघते आणि समाधानानं मान हलवते. इथंही आपण अहोच म्हणू. त्याच्या आईला मी अजून 'काकू' म्हणते. ३० तारखेला दुपारी अक्षता पडल्या की त्या 'आई' होणार. हा बदल नक्की कितव्या वाक्याला करायचा, याची मला मुहूर्तापेक्षा जास्त काळजी आहे.

साखरपुडा ४ मेला झाला. त्याच सकाळी याद्या. आमच्याकडं 'यादी पे शादी' म्हणजे याद्या करायला बसले आणि संध्याकाळी लग्न लावूनच उठले, असेही प्रकार होतात. आमच्यात तेवढी घाई नव्हती. वर 'श्री गजानन प्रसन्न', चार कोपऱ्यांना हळदीकुंकू, दोन प्रती. कार्यालय निम्मं निम्मं, जेवण आमच्याकडं, वाजंत्री त्यांच्याकडं, फोटोवाला ज्याचा त्याचा. कुणी काय मागतंय असं नव्हतंच. फक्त शेवटी अहोंचे थोरले काका सैल बसून म्हणाले, "बाकी आमची काही अपेक्षा नाही. मुलीला काय घालायचं ते तुम्ही तुमच्या हौसेनं घाला." आणि यादीत तशी ओळ लिहिली गेली. बाबांनी हसून मान डोलावली. मी आत दाराआड उभी होते. ऑडिटमध्ये अशा ओळीखाली लाल रेघ मारतात. रक्कम लिहिलेली नसते म्हणूनच ती सगळ्यात महागात पडते.

दोन आठवड्यांनी पुण्यातल्या त्या सुनेची बातमी आली, हुंड्याच्या छळापायी गेलेल्या. सगळ्या वाहिन्यांवर तेच होतं. बाबांचा मला दुपारी ऑफिसात फोन आला, एरवी ते कामाच्या वेळेत कधीच करत नाहीत. "तुला तिकडं कुणी काही बोललं नाही ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवायला विसरले. पलीकडून पेपराची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. संध्याकाळी मी अहोंना सांगितलं. पुढच्या रविवारी तो एकटाच वाईला आला, यादीची आमची प्रत मागून घेतली आणि ती ओळ पेनानं खोडून खाली सही केली. त्यांच्या प्रतीवर आधीच खोडून आला होता. काका तीन महिने त्याच्याशी बोलत नव्हते. गणपतीत बोलले. मी 'हो' साखरपुड्याच्या आधीच म्हटलं होतं, पण मनातल्या मनात विचाराल तर त्या दिवशी म्हटलं.

खरेदीची गंमत ऐका. ३ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. अडीच हजारांवरच्या तयार कपड्यांचा कर १२ टक्क्यांवरून १८, लागू २२ तारखेपासून. मी त्याच रात्री अहोंना फोन केला, शेरवानी आत्ता घे. पण घरात गणपती. अनंत चतुर्दशी ६ तारखेला. तो झाला आणि लगेच पितृपक्ष. "पितृपक्षात लग्नाचा कपडा घरात आणायचा नाही," काकू म्हणाल्या. सर्वपित्री अमावस्या २१ सप्टेंबरला, रविवारी. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि नवे दर, दोन्ही एकदम. शेरवानी २४ हजारांची. म्हणजे पितरांनी जाता जाता आमच्याकडून १,४४० रुपये नेले. हे मी काकूंना सांगितलं नाही. अहोंना सांगितलं, तर तो म्हणाला, "खीर-वडे त्यापेक्षा महाग पडतात."

बस्त्याबद्दल फार लिहीत नाही. सत्तावीस बायका, एक दुकान, पाच तास, तीनदा चहा. मानाच्या साड्या, देण्याघेण्याच्या साड्या, करवलीची, आजीची, आणि 'कुणी आयत्या वेळी रुसलं तर' अशा तीन जादा. नवरीची साडी निवडायला शेवटची पंचवीस मिनिटं मिळाली.

केळवणांबद्दल मात्र लिहायला हवं, कारण त्यांचे परिणाम अंगावर दिसतायत. आजवर एकोणीस झाली. पूर्वी घरचं जेवण आणि हातावर एक साडी असा मामला असायचा. आता पाटाभोवती झेंडूची नक्षी, फुलांच्या पाकळ्यांत लिहिलेलं 'केळवण', आणि पहिला घास घ्यायच्या आधी उखाणा. तोही मोबाइल नीट धरेपर्यंत थांबून. मी तीन उखाणे पाठ केलेत आणि फिरवून फिरवून वापरते. एका चुलतमावशीनं चौथ्या घरी पकडलं: "हा इंस्टावर ऐकलाय, नवीन घे." श्रीखंड, बासुंदी, गुलाबजाम, मसालेभात, पुन्हा श्रीखंड. ऑफिसातल्यांनी केलं तेव्हा जीएसटीआर-थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची २० तारीख होती. एका हातानं पुरी खाल्ली आणि दुसऱ्यानं चलन बनवलं.

ब्लाउजची मापं सप्टेंबरात दिली होती. परवा घालून बघायला गेले तर हुक आणि काज यांच्यात चांगली दोन बोटं अंतर. मला रडूच यायला लागलं. शिंपीकाकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, ब्लाउज उलटा केला आणि बाजूची शिवण दाखवली. आत दोन्हीकडं इंच इंच कापड दुमडून ठेवलेलं. "नवरीच्या ब्लाउजला मी नेहमी जास्त माया सोडते," म्हणाल्या. "मापं देतात तेव्हा सगळ्याच म्हणतात, मी बारीक होणारे." उसवणीनं टाके काढत काढत त्यांनी आणखी एक सांगितलं: लग्नानंतर वर्षभरानं पुन्हा आण, तेव्हा काय ते बघू. मी त्याचा अर्थ विचारला नाही.

आता सोनं. साखरपुड्याच्या थोडं आधी, एप्रिलमध्ये, दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदा लाखावर गेला. सगळे म्हणाले, उतरेल, थांबा. आम्ही थांबलो. दिवाळीच्या आधी सव्वा लाख ओलांडला. मंगळसूत्र कऱ्हाडकडचं, पण पाटल्या-बांगड्या बाबांना घालायच्याच होत्या. यादीतली ओळ खोडली गेली म्हणून तर आणखीनच. एका रात्री आजीनं कपाटातून कापडाची पुरचुंडी काढून माझ्यापुढं ठेवली. तिच्या पाटल्या, दोन. "चार तोळे आहेत. मोडून पोरीला काय हवं ते करा."

सराफाकडं आजी, आई आणि मी गेलो. त्यांनी पाटल्या मशीनवर लावून शुद्धता बघितली, मग काट्यावर ठेवल्या. ४५.१ ग्रॅम. "साडेचार तोळे आहेत, आजी," तो पोरगा म्हणाला.

आजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. सराफ वजन कमी सांगतो, हे तिनं आयुष्यभर ऐकलेलं. जास्त सांगणारा पहिल्यांदाच भेटला. "चाराचे साडेचार कसे झाले?" तिनं खालच्या आवाजात मला विचारलं. तिला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. मी कागद घेतला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. तुझे चार तोळे म्हणजे ४६.६४ ग्रॅम. काट्यावर ४५.१.

"म्हणजे कमीच झालं," आजी म्हणाली.

"दीड ग्रॅम. झीज आहे ती."

आजीनं पाटली उचलून आतल्या बाजूनं बोट फिरवलं. उजव्या हातातली डावीपेक्षा पातळ होती. डोळ्यांनाही दिसत होतं. साठ वर्षं भाकरी थापल्यात त्या हातानं, परातीच्या काठाला रोज घासून. पोरग्यानं मोडीचा हिशोब लावायला घेतला: शुद्धता इतकी, घट इतकी, नव्या बांगड्यांची घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी. मी कॅल्क्युलेटर हातात घेऊन बसले होते आणि मला आकडे दिसत नव्हते. "मोडायच्या नाहीत," मी म्हटलं. "मी अशाच घालते." पण आजीचा हात चिमणीएवढा. साबण लावून, पिशवी घालून, सगळं करून झालं, पाटली अंगठ्याच्या हाडाशी येऊन थांबायची. शेवटी दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला आतून बोलावलं. तो म्हणाला, कापून मध्ये पेच बसवतो, थोडं सोनं घालावं लागेल, म्हणजे घेर वाढेल. आजीनं विचारलं, "किती घालाल?" "दीडएक ग्रॅम." आजी हसली. झिजलेलं तेवढं भरून येणार होतं.

हे मी सगळ्यांना फार हौसेनं सांगते. पण खरं भांडण झालं ते पत्रिकेवरून, आणि ते कुणाला सांगितलेलं नाही.

पत्रिकेत माझ्या नावापुढं आईचं नाव, मग बाबांचं, असं मला हवं होतं. ते झालं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत सरकारच आईचं नाव घालायला लावतं, असं मी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "तू त्याच्या आधी जन्मलीस, पण चालेल." 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' हे काढलं. आजी म्हणाली, मग कशासाठी लग्न करताय ते लोकांना कळणार कसं? निमंत्रक, संयोजक, व्यवस्थापक अशी मिळून एकेचाळीस नावं. एका चुलत्यांचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून प्रूफ दोनदा परत आलं. हे सगळं हसत हसत झालं. मग मी आणि अहोंनी ठरवलेली ओळ मी तळाशी घातली: 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत.' आम्हाला ते फार पुढारलेलं वाटत होतं.

आईनं प्रूफ वाचलं, घडी घातली आणि ओट्याकडं वळली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनं लोखंडी कपाटातून एक वही काढून माझ्यासमोर टाकली. पुठ्ठ्याची, लाल पाठीची, कडा झुरळांनी खाल्लेली. 'आहेर, १९९४.'

आईच्या लग्नातली. डावीकडं नाव आणि गाव, मग काय दिलं ते. स्टीलचा डबा. रोख २१. कुकर, तीन लिटर. भिंतीवरचं घड्याळ, भिंतीवरचं घड्याळ, भिंतीवरचं घड्याळ. एकूण सात. उजवीकडं आईच्या अक्षरात तारखा आणि लाल पेनानं एकच शब्द: 'फिटलं.' कुणाच्या मुंजीत, कुणाच्या मुलीच्या लग्नात, कुणाच्या वास्तुशांतीला. घड्याळांच्या पुढं छोटे बाण काढलेले, कुठलं घड्याळ पुढं कुणाच्या घरी गेलं त्याचे. वहीच्या दुसऱ्या टोकाकडून, उलटी धरून, तिनं स्वतः दिलेल्याची यादी चालू केली होती. ती कितीतरी लांब. शेवटची नोंद गेल्या महिन्यातली.

मी पाच वर्षं लोकांची खाती तपासतेय, पण इतकी चोख जमा-नावे मी क्वचित बघितलीय.

"तू लिही, आहेर नको म्हणून," आई म्हणाली. "एकतीस वर्षं मी पाकिटं दिलीत. भाजीच्या पैशांतून वाचवून. तुझ्या बाबांना अर्धी माहीतसुद्धा नाहीत. लोकांच्या पोरांच्या लग्नात मी रांगेत उभी राहिले. आता माझ्याकडं यायची वेळ आली, तर तू दार लावून घेतेस."

मला सुचेना. म्हणून मी मला जे येतं ते केलं: लॅपटॉप काढला आणि एक्सेलमध्ये भरायला बसले. आई वाचून दाखवायची, मी आकडे टाकायचे. बेरीज आली अडुसष्ट हजार चारशे पन्नास. आईनं आकडा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "बंद कर ते. हे असं नसतं." मग पान उलटून एका नावावर बोट ठेवलं. पूर्वी आमच्या आळीत राहायच्या त्या काकू. रोख ११. पुढचा रकाना कोरा. "हिनं ११ दिले तेव्हा तिच्या घरात ज्वारी उसनी येत होती. हे फिटलेलं नाही. तिचा मुलगा परगावी पळून जाऊन लग्न करून आला, द्यायला कुणी बोलावलंच नाही."

ओळ मी काढली. अहोंच्या पत्रिकेत ती आहे, आमच्या पत्रिकेत नाही. लोक गोंधळणार आहेत, गोंधळू देत.

पहिली पत्रिका वाईच्या ढोल्या गणपतीपुढं ठेवली, दुसरी कुलदैवताला गेली. तिसरी आईनं स्वतःजवळ ठेवून घेतली. त्या काकू आता भुईंजला मुलाकडं असतात असा पत्ता लागला. आम्ही दोघी स्कूटीवरून गेलो. आईच्या पर्समध्ये पाकीट होतं, ५०१ घातलेलं. अकराचे तेवढे व्हावेत असं तिनंच ठरवलेलं. नातवाच्या खाऊला म्हणून देणार होती. काकू खाटेवर बसल्या होत्या. गुडघे गेलेत. आईला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग ओळखलं आणि हात धरूनच ठेवला. मला विचारलं, पोरगा काय करतो, दारू पितो का, सासूचा स्वभाव कसा आहे. मी सगळ्याची समाधानकारक उत्तरं दिली. निघताना आईनं पाकीट काढलं, पण नातू शाळेला गेलेला, आणि काकू काही घेईनात. उलट सुनेला हाक मारून हळदीकुंकू लावायला लावलं, आणि माझ्या ओटीत नारळ, तांदूळ, एक हिरवा खण.

परतताना आई मागं गप्प बसली होती. घरी आल्या आल्या चप्पलही न काढता तिनं वही उघडली आणि त्या नावाखाली लिहिलं: खण १, नारळ १. म्हणजे फेडायला गेलो आणि आणखी दोन एंट्र्या अंगावर घेऊन आलो. एवढं होऊनही आई खुशीत होती. संध्याकाळी तिनं न विचारता भजी केली.

बाकी चालू आहे. मार्गशीर्ष लागतोय म्हणून हळदीचं मटण रद्द झालंय आणि कऱ्हाडकर त्यावरून नाराज आहेत. नोंदणीच्या अर्जाला पत्रिका जोडावी लागते आणि गुरुजींची सही लागते, ती लग्नातच घ्यायची असं मी हातावर लिहून ठेवणार आहे. मेंदीवालीला सांगून तेवढी जागा सोडून घेईन. आज ट्रॅक्टरवाल्यानं बँक स्टेटमेंट पाठवलं, उलटं स्कॅन करून.

रविवारी घरी होते तेव्हा आईनं नवी वही आणून ठेवली होती. दोनशे पानी, लाल पाठीची. ती शोधायला तिला वाईत चार दुकानं फिरावी लागली म्हणे, कारण आता सगळ्या वह्यांवर कार्टून असतात. पहिल्या पानावर 'श्री' घातलं होतं आणि खाली माझ्या हातात पेन दिलं. पहिली नोंद आजीची. मी लिहायला लागले: पाटल्या २, पेचाच्या, साडेचार तोळे.

"चार," आजी खुर्चीतून म्हणाली.

"आजी, काट्यावर साडेचार आहेत. आता तर पेचाचं सोनंही वाढलंय."

"माझ्या बापानं चार घातलेत. चार लिही."

मी साडे खोडलं आणि चार लिहिलं.